सर आर कमिंग

कोल्हापुरातली कुठलीही मराठी शाळा घ्या. सर जिन्यावर दिसले की दारात टेहळणीला ठेवलेला पोरगा वर्गाकडं वळतो आणि दबक्या आवाजात ओरडतो, "ए, सर आर कमिंग!" इंग्रजी व्याकरणाच्या हिशेबानं वाक्य चुकलेलं आहे. सर एकटेच आहेत, काखेत हजेरीपट आहे, तेव्हा 'इज' हवं. पण पोराची जीभ 'इज'कडं वळत नाही. 'सर इज कमिंग' हे त्याच्या कानाला 'सर येतोय' असं ऐकू येतं, आणि सरांना 'येतोय' म्हणणारा पोरगा कोल्हापुरात अजून जन्माला यायचाय. निदान सर ऐकण्याच्या टप्प्यात असताना तरी.

इंग्रजीच्या मास्तरांना ही चूक अडाणीपणाची वाटते. वहीत ते लाल शाईनं 'आर' खोडतात आणि वर 'इज' लिहितात. खरं तर पोरानं कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ व्यवस्थित घातलेला असतो, फक्त मराठी पद्धतीनं. मराठीत मोठ्या माणसाला अनेकवचन लागतं. सर आले, साहेब बसले, आजोबा झोपले. क्रियापद माणसांची डोकी मोजत नाही, मान मोजतं.

निबंधाच्या वह्या चाळल्या तर याचा पुरावा पानोपानी मिळतो. 'माय मदर इज अ हाउसवाईफ' हे वाक्य बिनचूक उतरतं आणि खालच्याच ओळीत 'माय फादर आर अ फार्मर' येतं. पोराला नियम येत नाही म्हणावं तर आईच्या ओळीत तो आलेला आहे. फरक घरातला आहे. आईला 'अगं आई, तू' आणि वडिलांना 'अहो बाबा, तुम्ही'. तोच तराजू इंग्रजीत गेला. २६ जूनला शाहू जयंतीच्या भाषणांत तर 'शाहू महाराज वॉज' म्हणायला भलतं धैर्य लागतं. ज्यांनी १९१७ साली संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलं त्या राजाला 'होता' म्हणायचं? पोरं सरळ 'वेअर' म्हणतात आणि टाळ्या घेऊन खाली बसतात.

यावर इंग्रजीचे कैवारी म्हणतील, की आमच्या भाषेत शिपाई इज आणि राष्ट्रपतीही इज, क्रियापदात उच्चनीच नाही. ऐकायला छान आहे. पण मग 'यू आर'चं काय? समोर एकच माणूस उभा असताना इंग्रज त्याला 'आर' का म्हणतो? एके काळी इंग्रजीत एकट्यादुकट्यासाठी 'दाऊ' होतं आणि त्याचं क्रियापद होतं 'आर्ट'. 'यू' हे अनेकांसाठी. पुढं मोठ्या माणसाला मान म्हणून 'यू' म्हणायची रीत पडली, मग बरोबरीच्यांनाही, मग सगळ्यांनाच, आणि 'दाऊ' बायबलात आणि कवितेत जाऊन बसलं. म्हणजे आजचा इंग्रज स्वतःच्या कुत्र्याला 'यू आर' म्हणतो ते आदरार्थी अनेकवचनच आहे. पोरानं तोच मान सरांना दिला, तर अर्धा मार्क गेला!

राजारामपुरीच्या नंबर घातलेल्या गल्ल्यांत संध्याकाळी कुठल्याही शिकवणीवरून जावं, आतून समूहगान ऐकू येतं. आय गो, वी गो, यू गो, दे गो. इथपर्यंत सूर छान लागलेला असतो. मग ही गोज, शी गोज, इट गोज, आणि निम्म्या वर्गाचा सूर घसरतो. एखादा धीट पोरगा विचारतो, "सर, हितंच यस का ओ?" सर म्हणतात, "नियम हाय तसा. लिवून घ्या." हे उत्तर टाळाटाळीचं वाटेल, पण व्याकरणकारांचं उत्तर याहून फार वेगळं नाही.

हुशार शिक्षक त्यावर एक तोडगा सांगतात. एका घरात दोन भाऊ आणि सायकल एकच. कर्त्यानं 'एस' नेला तर क्रियापदानं पायी जायचं, आणि कर्ता पायी असेल तर 'एस' क्रियापदाला. बॉईज प्ले, बॉय प्लेज. तोडगा नामी आहे, 'मेन' आणि 'चिल्ड्रेन' येईपर्यंत. ही मंडळी अनेकवचनी असून सायकल घेतच नाहीत. पोरगं ती बेवारस सायकल उचलून क्रियापदाला देऊन टाकतं, 'चिल्ड्रेन प्लेज'. त्याच्या बाजूनं तर्क बिनचूक असतो.

आता या 'एस'चं कूळ. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला पुरुषाप्रमाणं आणि वचनाप्रमाणं वेगवेगळे प्रत्यय लागत. शतकं गेली तसे ते झिजत गेले आणि वर्तमानकाळात तिसऱ्या पुरुषाच्या एकवचनाचं तेवढं शेपूट राहिलं. दक्षिण इंग्लंडात, लंडनच्या बाजूला, ते शेपूट 'एथ' असं होतं. १६११ साली छापलेल्या बायबलात तेच आहे. 'एस' हा उत्तरेकडचा, लंडनकरांच्या लेखी गावंढळ प्रत्यय. तो हळूहळू खाली सरकला. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही सुखानं नांदतात, आणि सतराव्या शतकात बोलण्यातून 'एथ' गेला, 'एस' उरला. म्हणजे ज्या 'एस'साठी इथं वह्या लाल होतात तो इंग्लंडातही बाहेरगावाहून आलेला.

शिवाय तो सगळीकडं पोचलाही नाही. पूर्व इंग्लंडात नॉर्विच नावाचं शहर आहे. तिथलेच असलेले भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी आपल्या गावच्या बोलीवर १९७४ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात दिसतं ते असं, की तिथले कष्टकरी लोक गप्पा मारताना हा 'एस' जवळजवळ लावतच नाहीत. 'ही गो', 'शी वर्क'. पिढ्यान् पिढ्या इंग्रजी बोलणारी गोरी माणसं! ट्रडगिल यांचा तर्क असा, की १५६५ पासून नेदरलंड्सच्या बाजूचे विणकर निर्वासित होऊन नॉर्विचला आले, थोड्याच वर्षांत गावात तीन माणसांमागं एक ते झाले, त्यांना शिकताना हा 'एस' जमेना आणि त्यांची सवय गावाला लागली. मंगळवार पेठेतलं पोरगं 'माय ब्रदर प्ले फुटबॉल' म्हणत नॉर्विचच्या बाजारात उभं राहिलं तर कोणी वळून बघणार नाही. फुटबॉलचं नाव काढल्यावर तर चहाही मिळेल.

मराठी माणसाला या एका 'एस'नं एवढं छळावं याचं नवल वाटतं, कारण मेळ घालण्याच्या कामात त्याच्याइतका कसलेला गडी शोधून सापडायचा नाही. इंग्रज भूतकाळात एक 'वेंट' म्हणतो आणि सुटतो. आय वेंट, शी वेंट, म्हैस वेंट. मराठीत तेवढ्यासाठी गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेलात, गेला, गेली, गेलं, गेल्या एवढा पसारा लागतो, आणि तीन वर्षांचं पोरगं तो न शिकवता सांभाळतं. इंग्रजीत लिंग क्रियापदापर्यंत पोचतच नाही. 'वुइल' आणि 'कॅन' आले की वचनही सुटतं. भूतकाळात 'वॉज' आणि 'वेअर' एवढंच शिल्लक. सगळा बाजार वर्तमानकाळातला एक 'एस' आणि इज, हॅज, डज या तिघांचा.

उलट मराठीचा पसारा लिहून काढायलाच परदेशी माणूस बसला. मराठीचं एक सुरुवातीचं छापील व्याकरण विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्यानं १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपुरातून काढलं. केरी मूळचा जोडे शिवणारा कारागीर. चपलांच्या गावानं तरी त्याचं कौतुक करायला हरकत नसावी. मग १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण आलं आणि शाळाशाळांत पोचलं. तेव्हापासून मराठी पोरं कर्तरी, कर्मणी, भावे असा जप करत मोठी होतात, आणि तो जप इंग्रजीच्या तासाला दप्तरात ठेवून देतात. तिथंच तर त्याचा उपयोग होता.

कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात डोकावलं तर हे प्रयोग चुलीजवळच सापडतात. आईनं रस्सा केला. आईनं भाकरी केली. आईनं पिठलं केलं. पहाटेपासून राबतेय आई, पण क्रियापद तिच्याकडं ढुंकूनही बघत नाही. ते पदार्थाच्या मागं. रस्सा पुल्लिंगी म्हणून 'केला', भाकरी स्त्रीलिंगी म्हणून 'केली'. हा कर्मणी प्रयोग. आणि पोरानं भाकरी टाकली की, आईनं पोराला हाणलं. इथं क्रियापद आईचंही ऐकत नाही आणि पोराचंही. 'हाणलं' म्हणून नपुंसकलिंगी एकवचनात बाजूला उभं राहतं. हा भावे प्रयोग. मारामारीत मराठी क्रियापद पंच होतं.

आता याच घरातलं पोरगं इंग्रजीच्या पेपरात 'मदर हॅव मेड चपातीज' असं लिहितं. मास्तर म्हणतात, मदर एक, मग 'हॅज' कुठाय? पोराच्या डोक्यात मात्र 'आईनं चपात्या केल्या' हे वाक्य बसलेलं असतं. चपात्या अनेक, म्हणून 'हॅव'. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, की इंग्रजी क्रियापद ताटातल्या पदार्थाकडं बघत नाही, फक्त करणाऱ्याकडं बघतं.

मराठीत काही क्रियापदं मात्र कर्म समोर असूनही कर्त्याची पाठ सोडत नाहीत. तो रस्सा प्यायला, ती रस्सा प्यायली. आणि, मी इंग्रजी शिकलो, मी स्पेलिंग विसरलो. शिकण्याची आणि विसरण्याची जबाबदारी मराठीनं पूर्वीपासून कर्त्याच्या माथ्यावर ठेवली आहे, याची नोंद पालकांनी घ्यायला हवी.

'डज ही गोज' ही दुसरी अजरामर चूक. 'शी डजन्ट नोज'. मास्तर वैतागून सांगतात, अरे, एकदा 'डज'नं 'एस' घेतला की पुढच्याला नाही मिळत. पण मराठीत तसं कुठाय? 'ती गेली होती' यात 'गेली'ही स्त्रीलिंगी आणि 'होती'ही स्त्रीलिंगी. 'ते गेले होते' यात दोघांनाही अनेकवचन. मराठीत वऱ्हाडातल्या प्रत्येकाला फेटा बांधतात. इंग्रजीत एकालाच बांधून बाकीच्यांना बोडकं बसवतात. अशा लग्नाची सवय व्हायला वेळ लागणारच.

वस्तूंची वचनं तर आणखी घोळ घालतात. मराठीत पोहे झाले, गहू दळले, केस पिकले. सगळं अनेकवचनी. कात्री हरवली, विजार फाटली, ही मात्र एकवचनात. इंग्रजीत नेमकं उलट. व्हीट इज, हेअर इज, पण सिझर्स आर, ट्राउझर्स आर. केस हजारो असून एकवचनी आणि विजार एक असून अनेकवचनी, हा न्याय कुणाला पटवून सांगायचा? विजारीला दोन पाय असतात म्हणून, असं मास्तर सांगतात. मग शर्टाला दोन हात असतात, तो 'इज' कसा, असं मागच्या बाकावरून विचारलं जातं आणि तास संपल्याची घंटा त्याच वेळी होते. पोह्यांच्या बाबतीत मात्र माघार घेऊ नये. हॉटेलच्या मेनूकार्डावर कोणी 'पोहा इज' लिहिलं असेल तर ते इंग्रजी म्हणून बरोबर असेल, पण कढईत बघणाऱ्याला ते पोहे आहेत, आणि ते 'आर'च.

इंग्रजीत आणखी एक नियम आहे. दोन गोष्टी 'अँड'नं जोडल्या की क्रियापद अनेकवचनी, पण त्या दोन्ही मिळून एकच पदार्थ होत असेल तर एकवचनी. पुस्तकांत यासाठी ब्रेड-बटरचं उदाहरण ठरलेलं. ज्या गावात लोणी भाकरीवर घेतात तिथं ते उदाहरण का चालवावं कळत नाही. कोल्हापुरात तयार उदाहरण आहे, तांबडा-पांढरा. दोन रस्से, दोन वाट्या, दोन रंग, एकाला तिखट आणि दुसऱ्याला नारळाचं दूध. पण खानावळीत येणारा माणूस "तांबडे-पांढरे झाले का?" असं कधी विचारत नाही. तो विचारतो, "तांबडा-पांढरा झाला का?" एकवचन. म्हणून 'तांबडा अँड पांढरा इज रेडी'. पण पांढरा संपला आणि तांबडा तेवढा उरला, की दोघांचा संसार मोडला आणि हिशेब वेगळा. एवढं फळ्यावर लिहिलं तर नियम जन्मभर विसरणार नाही. फक्त तो तास जेवणाच्या सुट्टीआधी ठेवू नये.

समूहवाचक नामांचा प्रश्न इंग्रजांना स्वतःलाच सुटलेला नाही. संघ म्हणजे एक की अकरा? ब्रिटनमधला समालोचक 'इंडिया आर' म्हणतो, अमेरिकन वार्ताहर आपल्या संघाला 'इज' लावतो, आणि दोघेही आपापल्या जागी पास होतात. अमेरिकेच्या राज्यघटनेत तर खुद्द देशालाच 'देम' म्हटलंय. म्हणजे सुरुवातीला अमेरिका 'आर' होती, पुढं 'इज' झाली.

कोल्हापुरात हा प्रश्न शाहू स्टेडियमवर सुटतो. किंवा गुंतागुंतीचा होतो. पाटाकडील तालीम मंडळ या फुटबॉल संघाचं नाव घ्या. त्यात तालीम स्त्रीलिंगी आहे, मंडळ नपुंसकलिंगी आहे आणि मैदानावर खेळतात ते अकरा गडी पुल्लिंगी. कोणी म्हणतं पाटाकडील जिंकली. वर्तमानपत्र म्हणतं मंडळ विजयी झालं. पेठेतली म्हातारी म्हणते, पोरं जिंकली. एकाच गोलावर तीन क्रियापदं, आणि तिन्ही बरोबर. विरोधी पेठेतला माणूस मात्र चौथं क्रियापद वापरतो. ते छापण्यासारखं नाही.

स्पर्धा परीक्षांची पोरं अभ्यासिकेत बसून 'चूक ओळखा' सोडवतात, तिथं दगा वेगळाच असतो. कर्ता वाक्याच्या एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला, मध्ये भलत्याच नामांची गर्दी. 'द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स' म्हटलं, की 'कँडिडेट्स' जवळ दिसल्यामुळं हात आपोआप 'आर'कडं जातो. यादी एकच आहे हे नंतर सुचतं. यादीत आपलं नाव नसलं तर तेही सुचत नाही. ही चूक फक्त बाहेरून भाषा शिकणाऱ्यांची नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या दोन संशोधिकांनी १९९१ साली इंग्रजी ज्यांची मायबोली आहे अशांना वाक्यांची अर्धी टोकं देऊन पुढं पूर्ण करायला लावली. मधलं नाम अनेकवचनी असलं की तेही जास्त वेळा घसरले. उलट बाजूनं, म्हणजे कर्ता अनेकवचनी आणि मधलं नाम एकवचनी असताना, मात्र फारसे घसरले नाहीत. अनेकवचनाची ओढ जास्त. हे कोल्हापूरकराला संशोधनाशिवाय पटेल. मिसळीबरोबर पाव सांगतानाही त्याला एकवचन सुचत नाही.

आणि मायबोली इंग्रजी असलेली लेकरंही हा 'एस' उशिराच शिकतात. रॉजर ब्राऊन या मानसशास्त्रज्ञानं तीन अमेरिकन मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून १९७३ साली पुस्तक लिहिलं. नामाच्या अनेकवचनाचा 'एस' मुलं लवकर उचलतात. क्रियापदाचा 'एस', उच्चार तोच असूनही, ब्राऊन यांनी तपासलेल्या चौदा गोष्टींत दहाव्या नंबरला लागला. ज्यांच्या आया अंगाईच इंग्रजीत गातात त्यांची ही कथा.

इथं रेन आणि मार्टिन यांचं नाव घ्यायला हवं. भारतात पिढ्यान् पिढ्या ज्यांचं जाडजूड व्याकरण विद्यार्थ्यांच्या उशाशी राहिलं, ते हे दोघे. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि त्यांची जगभर कीर्ती झाली ती व्याकरणानं नव्हे, तर १९२४ च्या 'बो जेस्ट' या कादंबरीनं. वाळवंट, फ्रेंच परदेशी पलटण, वेढा, बंदुका. त्या कादंबरीवर सिनेमे निघाले. ज्या माणसाला एवढा थरार लिहिता येत होता त्यानं कर्ता-क्रियापदाचा धडा इतका कोरडा का ठेवला, याचा राग भारतातल्या दोन-तीन पिढ्यांनी धरला तर तो रास्त आहे.

कोल्हापूरनं मात्र इंग्रजीचा धसका घेतला असं म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांचं इंग्रजी शिक्षण सुरू झालं ते कोल्हापुरात. गोपाळ कृष्ण गोखले कागल-कोल्हापुरात शिकले. राजाराम कॉलेज १८८० सालचं. पुढं २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी राज्यभर पहिलीपासून इंग्रजी आणलं, आणि जो 'एस' पूर्वी पाचवीत भेटायचा तो आता दूधदातांच्या वयात भेटू लागला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटल्याची ख्याती आहे. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध उभ्यानं पिणाऱ्या गावाला वाघिणीची काय भीती? तरी लग्नपत्रिकेवर 'मिस्टर अँड मिसेस रिक्वेस्ट्स' छापून येतंच. नवरा-बायको एकजीव झालेत असा त्याचा अर्थ घ्यावा आणि जेवून यावं.

पण कोल्हापूरकरांच्या क्रियापदांना खरं हसतात ते पुण्यात, आणि तेही इंग्रजीवरून नव्हे, मराठीवरून. कोल्हापूरची बाई म्हणते, "मी येतो." "मी काल बाजारला गेलतो." "मी जेवलो." पुण्याच्या कानाला हे झोंबतं. बाईनं 'येते' म्हणावं, 'गेले होते' म्हणावं, 'जेवले' म्हणावं. कोल्हापूरची मुलगी पुण्यात शिकायला गेली की हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात तिचं नाव पडतं, आणि दुसऱ्या महिन्यात ती आईशी फोनवर एक आणि मैत्रिणींशी दुसरं असं दोन व्याकरणांत बोलू लागते. एखादीच ठाम राहते आणि सांगते, "मी आसाच बोलतो, तुमास्नी काय करायचंय?"

हसणाऱ्यांनी जरा इंग्रजीकडं बघावं. इंग्रज बाई 'आय कम' म्हणते आणि बुवाही 'आय कम'च म्हणतो. त्याबद्दल पुण्यात कोणी हसत नाही, उलट फी भरून ते शिकतात. बोलणारी बाई आहे हे समोर दिसतं, आवाजावरून कळतं, मग क्रियापदानं पुन्हा सांगायची गरज काय, असा तो हिशेब. पलीकडच्या कन्नडमध्येही पहिल्या पुरुषात बाई-बुवा हा भेद क्रियापदात नाही, आणि कोल्हापूर त्या सीमेवर वसलेलं. सवय तिकडून आली की इथलीच जुनी, हा वाद अभ्यासकांनी घालावा. तिसऱ्या पुरुषात मात्र कोल्हापूर चोख असतं. 'ती आली' म्हणतं, 'तो आला' म्हणतं. समोर नसलेल्या माणसाबद्दल माहिती द्यायची म्हणून लिंग, आणि स्वतःबद्दल बोलताना नाही. इंग्रजीच्या 'ही', 'शी' आणि 'आय'मध्ये नेमकी हीच वाटणी आहे.

आणि पुण्याची प्रमाण मराठी तरी कुठं सगळीकडं लिंग सांभाळते? 'मी उद्या येईन' यात बाई आहे की बुवा, हे कोणी ओळखून दाखवावं. त्याहून मोठी गोष्ट 'आम्ही'ची. सदाशिव पेठेतली बाई एकटी असली की 'मी आले' म्हणते. तिच्याबरोबर तिची बहीण आली की दोघी मिळून म्हणतात, 'आम्ही आलो'. पुरुषांचंही क्रियापद तेच. एकटीचं बाईपण दुसरी बाई सोबत आल्यावर कुठं जातं, हे आजवर एकाही पुणेकरानं विचारलेलं नाही. कोल्हापूरच्या बाईनं काही मोडलेलं नाही. 'आम्ही'ला जो नियम अख्खा महाराष्ट्र लावतो, तो तिनं 'मी'लाही लावला आणि हिशेब सरळ केला.

तेव्हा कोल्हापूरची सून "मी येतो" म्हणाली म्हणून ज्यांना हसू फुटतं त्यांनी आधी 'आम्ही आलो'चं बायकी रूप शोधून आणावं. सापडलं तर जरूर कळवावं. तोवर कोल्हापूर बोलतंय तसंच बोलेल.